न येण्याची वही

आमच्या कॉलेजात मैदानावर न येण्यासाठी आधी मैदानावर यावं लागे. हे वाक्य मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी "काय?" म्हणून परत विचारलं आहे, तेव्हा नीट सांगते.

पहिल्या वर्षाला शारीरिक शिक्षण सक्तीचं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सव्वासहा. पण ज्याला यायचं नसेल त्याने खुशाल येऊ नये, असं आमच्या सरांचं मत होतं. "माणसाला बळजबरीने बोहल्यावर उभं करता येतं, धावायला लावता येत नाही," असं ते म्हणत. त्यांची अट एकच. न येण्याचं कारण लेखी द्यायचं; स्वतःच्या अक्षरात, स्वतः येऊन, सव्वासहाच्या आत, त्यांच्या टेबलावर उघडून ठेवलेल्या वहीत. मैत्रिणीबरोबर पाठवलेली चिठ्ठी चालत नसे आणि मोबाईलवरचा निरोप ते उघडतच नसत. त्यामुळे डिसेंबरच्या गारठ्यात "पोट दुखत असल्यामुळे येऊ शकत नाही" एवढं एक वाक्य लिहायला मुलं हडपसरहून दोन बस बदलून येत. लिहून झालं की सर वही स्वतःकडे फिरवून वाचत, चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "ठीक. आता आलाच आहात, तर एक फेरी मारून जा."

निम्मी मुलं एक फेरी मारत. त्यातली काही दोन मारत. उरलेली पायऱ्यांवर बसून कँटीन उघडायची वाट बघत. मी त्या पायऱ्यांवर अख्खं वर्ष काढलं.

सर मूळचे मानसशास्त्राचे. जिमखान्याची जागा कित्येक वर्षं रिकामी होती आणि ती भरायची परवानगी काही केल्या येत नव्हती. तेव्हा प्राचार्यांनी कोणाकडे तास कमी आहेत ते पाहिलं आणि हा कारभार सरांच्या गळ्यात घातला. गळ्यात म्हणजे खरोखरच, कारण त्याबरोबर एक शिट्टीही आली. ती त्यांनी कधी वाजवली नाही. "शिट्टी वाजवली की मुलं माझ्याकडे बघतात. मला मुलांकडे बघायचंय," हे त्याचं कारण. मैदानावर ते इस्त्रीची पँट, चामडी चपला आणि थंडी असली तर माकडटोपी अशा वेशात येत. पहिल्याच दिवशी एका धीट मुलाने विचारलं, "सर, तुम्ही स्वतः धावता का?"

"नाही. पक्ष्यांचा अभ्यास करणारे उडतात का हो?"

ते सगळ्यांना अहो-जाहो करत. अठरा वर्षांच्या पोराला कोणी "आपण कालही आला नाहीत" असं म्हटलं की आपली काहीतरी फार मोठी लायकी काढली गेली आहे असं त्याला वाटतं. नारायण पेठेत जन्म काढलेल्या माणसाला आदर दाखवून अपमान करण्याची वेगळी शिकवणी लावावी लागत नाही. मीही त्याच पेठेतली, पण मला अजून ते साधलेलं नाही.

त्यांच्याकडे एक स्टॉपवॉच होतं. बुधवार पेठेतल्या एका दुकानातून घासाघीस करून आणलेलं. ते सुरू व्हायचं, पण थांबायचं नाही. बदलून घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने "विकलेला माल" वगैरे पाटी दाखवली. सर त्या पाटीवर खूश होऊन परत आले, कारण तिच्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पुढे वर्षभर ते घड्याळ टेबलावर नुसतं धावत असे आणि धावण्याची वेळ सर भिंतीवरच्या घड्याळात बघत.

मुलं व्यायाम का सुरू करतात आणि का सोडतात, या विषयावर त्यांची मतं पक्की होती. नवे बूट घेतलेल्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. कोणी कोरे करकरीत बूट घालून आला की ते वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकत आणि दहा दिवसांनी त्या नावापुढे बारीकशी फुली मारत. फुली चुकल्याचं मी पाहिलं नाही. जिममधल्या आरशासमोर उभं राहून फोटो काढणाऱ्यांना ते जवळ बोलावून विचारत, "टाकलात फोटो? किती जणांनी छान म्हटलं?" मुलगा आकडा सांगे. "मग झालं की. कौतुक मिळालं. आता व्यायाम कशासाठी करणार?" मुलगा हसण्यावारी नेई आणि पंधरा दिवसांत त्याचं जिम सुटे. मग तो वहीत कारण लिहायला येई.

वहीतल्या कारणांवर सर लाल शाईत शेरे मारत. एका मुलाने लागोपाठ तीन आठवडे "बहिणीचा साखरपुडा" लिहिलं होतं. खाली शेरा: "ताईंचा निर्णय होत नाहीये का?" एकीने लिहिलं, "बूट ओले आहेत." शेरा: "आपण आत्ता चपलांत उत्तम चालत आलात." आणि एका मुलाने नुसतंच "कंटाळा आला" असं लिहिलं, तेव्हा सरांनी उठून त्याच्याशी हात मिळवला. तो मुलगा इतका गांगरला की दोन फेऱ्या मारून गेला.

त्याच मुलाचं पुढे ढोल-ताशा प्रकरण झालं. तो गणपतीत एका पथकात ढोल वाजवायचा, आणि मैदानावर मात्र दुसऱ्या फेरीत छाती धरून बसायचा. सरांनी विचारलं, "मिरवणुकीत किती वेळ वाजवता?"

"चार तास तरी, सर."

"कमरेला ढोल बांधून चार तास उड्या मारता, आणि मोकळ्या अंगाने दोन फेऱ्या होत नाहीत. म्हणजे दोष पायांत नाही. आपल्याला ताशा लागतो."

पुढच्या शुक्रवारी सकाळी साडेसहाला मैदानाच्या मधोमध त्याचा एक ताशावाला मित्र उभा होता. तो वाजवू लागला आणि आमच्या पोराने सहा फेऱ्या मारल्या. त्याच्यामागे आणखी पंधरा-वीस जणं लागली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सोसायटीचं पत्र आलं: "आपल्या विद्यार्थ्यांचे आरोग्य सुधारत असल्यास आनंद आहे. आमचे बिघडत आहे." सरांनी उलट टपाली कळवलं, "आपण जागे झालाच आहात, तर यावे." प्राचार्यांनी मध्ये पडून ताशा बंद केला. सरांनी ते पत्र जिमखान्याच्या फलकावर लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यातली वाक्यरचना दाखवली.

आता माझं. वर्षाच्या शेवटी एक चाचणी होती: मैदानाच्या चार फेऱ्या. वेळेची अट नाही, धापा टाका, मध्ये चाला, पण चार पूर्ण झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तर पुढच्या वर्षी नव्या पोरांबरोबर परत, आणि तेव्हाही नाही झाल्या तर पदवी अडणार. बाकी सगळ्या विषयांत माझं उत्तम चाललं होतं. या चार फेऱ्यांचा विचार आला की मात्र माझ्या पोटात गोळा यायचा, आणि तो जूनपासून येत होता.

माझी मैत्रीण शीतल हिला हे कळतच नसे. नुकत्याच शहराच्या हद्दीत घेतलेल्या गावची, शेतकऱ्याघरची मुलगी. ती उड्डाणपुलाखालून पळत येऊन बस पकडायची आणि वर गप्पा मारायची. "अगं, पळायचं तर हाय. त्यात काय एवढं?" ती म्हणे. "मी बांधावरनं पळायची, म्हशी बघत बसायच्या. म्हशीला काय वाटतंय?"

"म्हशी हसत नाहीत," मी म्हणे.

मी जाडी होते, अजूनही आहे. अकरावीत असताना खेळाच्या तासाला मी धावत होते आणि कोणीतरी ते मागून मोबाईलवर घेतलं. सत्तावीस सेकंद. त्याला एक ढिंच्याक गाणं लावलं आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. लोक वाईट नव्हते, दोन दिवसांत विसरले. मी विसरले नाही. त्यानंतर मी रस्ता ओलांडतानासुद्धा कधी धावले नाही, सिग्नल सुटला तरी चालतच गेले.

हे वहीत कसं लिहिणार? म्हणून मी इतर कारणं लिहायची, आणि मन लावून लिहायची. "उजव्या पायाच्या करंगळीशेजारील बोटास कुरूप." "धाकट्या भावास कांजिण्या, संसर्गाची शक्यता." "घराण्यात दम्याचा इतिहास, आत्याच्या सासूबाईंना." याच्याखाली शेरा आला, "आत्याच्या सासूबाई आपल्या घराण्यात कशा?" वर्षभरात मी एकही कारण दोनदा वापरलं नाही. आणि ती लिहायला प्रत्येक तासाला येत असल्यामुळे माझी हजेरी अख्ख्या वर्गात सगळ्यात चांगली होती.

एकदा मंडईत आम्ही सरांसमोर आलो. मी आणि आई. सरांच्या दोन्ही हातांत पिशव्या, आणि ते मेथीसाठी तिसऱ्यांदा त्याच रांगेतून फिरत होते. एवढं चालता तर हा व्यायामच झाला, असं मी म्हणून गेले. "हा व्यायाम नाही. ही मेथी आहे," सर म्हणाले. आईने हात जोडून विचारलं, "सर, आमची धावते ना नीट? हिने अकरावीपासून खेळ सोडलाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांनी दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या. "फार नियमित येतात," ते म्हणाले. "यांच्यामुळे माझी वही वाचनीय झाली आहे." आईला यातलं पहिलं वाक्य कळलं आणि ती घरी जाईपर्यंत खूश होती. त्या दिवसापासून मला सर आवडायला लागले. तोवर आवडत नव्हते, हे खरं सांगायला हवं.

चाचणीच्या पंधरा दिवस आधी मी वहीत काहीतरी लिहीत होते. सरांनी पानावर हात ठेवला.

"आपली कारणं मला आवडतात," ते म्हणाले. "पण खऱ्या कारणाला एवढे तपशील लागत नाहीत. ते चार शब्दांत मावतं. बघा जमतंय का."

मी अर्धं लिहिलेलं कारण खोडलं. मग लिहिलं: "पळताना लोक बघतात." आणि एकदा लिहिल्यावर सत्तावीस सेकंदांचंही सांगून टाकलं.

सरांनी लाल पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. "माझंही हेच आहे," ते म्हणाले. "कॉलेजात असताना स्नेहसंमेलनाच्या शर्यतीत माझा पायजमा सुटला. आमच्या वेळी मोबाईल नव्हते, त्यामुळे लोकांनी नुसतं लक्षात ठेवलं. अजून भेटले की सांगतात." मला हसू आलं. तेही हसले, पण थोडंच. मग म्हणाले, "मला विचार करू द्या. चाचणीला कोणी बघणार नाही अशी व्यवस्था करता येईल."

ती व्यवस्था अशी होती. चाचणीच्या सकाळी सगळे दहा-दहाच्या गटात धावले. शीतल सगळ्यांच्या पुढे, गप्पा मारत. मला मागे ठेवलं होतं. मग सरांनी सगळ्यांचे मोबाईल फुटबॉलच्या जाळीच्या पिशवीत गोळा केले आणि जाहीर केलं की हा मानसशास्त्राचा प्रयोग आहे: पुढची वीस मिनिटं सर्वांनी रस्त्याकडच्या कठड्याकडे तोंड करून उभं राहायचं, मागे वळायचं नाही, बोलायचं नाही, कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. साठ मुलं ओळीने रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. सर स्वतः जिमखान्याच्या दाराकडे तोंड करून बसले. "मी पावलांच्या आवाजावर मोजीन. निघा," ते दाराला म्हणाले.

मी निघाले. पहिली अर्धी फेरी खरंच कोणी बघत नव्हतं. सकाळची हवा, मोकळं मैदान, साठ पाठी. मला वाटलं, हे जमणार.

पण सर मानसशास्त्राचे असले तरी एक गोष्ट विसरले होते. पुण्यात साठ माणसं एका दिशेला टक लावून उभी असली, तर एकसष्टावा थांबतो. आधी सायकलवरचा दूधवाला थांबला. त्याने मुलांच्या नजरेच्या रोखाने मागे पाहिलं, तिथे नुसता रस्ता. "काय झालं रे?" त्याने विचारलं. आज्ञेप्रमाणे कोणी उत्तर दिलं नाही. त्यामुळे मामला गंभीर आहे असं ठरलं. फिरायला निघालेली दोन जोडपी थांबली. एक रिक्षा थांबली. स्वेटर घातलेले, हातात काठी असलेले एक निवृत्त गृहस्थ तर दूधवाल्याच्याही आधीपासून तिथे होते. मुलं काही बोलत नाहीत म्हटल्यावर सगळ्यांनी त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे पाहिलं. पलीकडे अख्ख्या मैदानावर एकटी मी.

दुसऱ्या फेरीला, मुलांची ओळ संपून चुन्याची रेघ कठड्याला लागते त्या कोपऱ्याशी आले तेव्हा बाहेर वीसेक माणसं होती. तिसरीला मी मोजली नाहीत.

"कोपरं आत घ्या," काठीवाले गृहस्थ म्हणाले.

"कोपरं मोकळी हवीत हो," जोडप्यातले काका म्हणाले. "तिला टाच आधी टेकवायला सांगा."

"टाच? गुडघे जातील तिचे."

"ताई, तोंड मिटा, नाकाने श्वास घ्या," रिक्षावाला म्हणाला.

मला रडू येत होतं आणि राग येत होता. राग पुढे होता, म्हणून पाय चालले होते. चौथ्या फेरीला त्या कोपऱ्यावर जायची माझी हिंमत झाली नाही. मी चुन्याची रेघ सोडली, आतल्या आत वळले आणि धापा टाकत सरांच्या टेबलाशी येऊन थांबले.

"किती झाल्या?" सरांनी दाराला विचारलं.

"चार."

"मला नीट ऐकू आलं नाही. बाहेर गडबड फार आहे." असं म्हणून ते वळले आणि त्यांनी कठड्यापलीकडची गर्दी पाहिली. ते इतके ओशाळलेले मी कधी पाहिले नव्हते. मग वही उघडून, पेन हातात धरून ते तसेच बसले. "मी पाहिलेलं नाही. मग पूर्ण म्हणून लिहू कसं?"

"सर, मी बघितलं न्हाई," शीतल कठड्याकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "पण झाल्यात चार."

सर उठले आणि कठड्यापाशी गेले. "आपल्यापैकी कोणी सुरुवातीपासून आहे का?"

काठी वर झाली. "मी आहे. तीन पूर्ण. चौथी नाही. त्या कोपऱ्यावर आतून गेल्या."

"जाऊ द्या ना काका, पोरगी दमलीये," रिक्षावाला म्हणाला.

"दमल्या असतील. फेरी झाली नाही."

आता साठच्या साठ तोंडं वळली. सरांनी मला विचारलं, "आतून गेलात?" मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी त्या गृहस्थांपेक्षा माझं ऐकलं असतं.

"हो. तिथे माणसं जवळ होती."

सरांनी चष्मा काढून पुसला. "चूक माझी आहे," ते हळू म्हणाले. "कोणी बघू नये म्हणून केलं आणि गाव गोळा केलं. येत्या शुक्रवारी चौथी फेरी परत घेऊ. साडेपाचला या. फक्त आपण आणि मी, आणि मी पाठ करून बसेन."

मी शुक्रवारचा विचार केला. म्हणजे आणखी दोन दिवस तोच गोळा पोटात घेऊन उठायचं, जेवायचं, झोपायचं. मला एकदम त्याचा इतका कंटाळा आला की भीती बाजूला राहिली.

"आत्ताच मारते," मी म्हटलं.

"सगळे इकडे तोंड करून आहेत."

"असू देत."

मी निघाले. चालत नाही, धावत. मागून दोन जणं हसली, ते मी ऐकलं. माझा टी-शर्ट वर जात होता, तो एकदा खाली ओढला आणि मग सोडून दिला. कोपरा आला तेव्हा चुन्याच्या रेघेवरून, कठड्याला अगदी चिकटून गेले. त्या गृहस्थांनी मला जागा व्हावी म्हणून कठड्यातून आत आलेली काठी मागे घेतली आणि मी समोरून जाताना फक्त माझ्यापुरतं म्हणाले, "कोपरं." मी कोपरं आत घेतली.

परत आले तेव्हा सरांनी वही कठड्यावरून बाहेर दिली होती. गृहस्थांनी ती काठीच्या मुठीवर टेकवून लिहिलं, "चौथी फेरी पूर्ण. माझ्यासमोर." खाली सही केली आणि पेन सरांना परत देऊन फिरायला निघून गेले. सरांनी ते दोनदा वाचलं. "बसा. पाणी प्या," एवढंच ते म्हणाले.

मी तिथेच गवतावर बसले आणि साठ मुलं, सर, रिक्षावाला आणि दूधवाला यांच्यासमोर हुंदके देऊन रडले. शीतल पाठीवरून हात फिरवत होती. बराच वेळ रडले. कोण बघतंय, हे बघायचं माझ्या लक्षातच आलं नाही.